शलमोन, महोसध आणि समस्त भालेराव परिवार

शहाण्या माणसाने लेख लिहावा, पण तळटीप लिहू नये. लेख कोणी वाचत नाही, त्यामुळे त्यापासून कोणाला इजा होत नाही. तळटीप मात्र येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात अडकते. या विधानाला आधार काय, असं विचाराल तर मी आधार देणं आता सोडून दिलेलं आहे. का सोडलं, तेच सांगतो.

सत्त्याऐंशी साल असेल. मी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर होतो आणि बदलापूरला, बेलवलीत, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. पण ही झाली पोटाची ओळख. आतून मी संशोधक होतो. नोकरी सांभाळून पाली घेऊन बाहेरून एम. ए. झालो होतो आणि तेव्हापासून माझ्या चालण्याबोलण्यात एक प्रकारचं गांभीर्य आलं होतं. माझी बायको मीनल त्याला ॲसिडिटी म्हणायची.

तर या संशोधकाने एक लेख लिहिला. बायबलमध्ये शलमोन राजापुढे दोन बाया एका तान्ह्या मुलावरून भांडत येतात. दोघीही म्हणतात, मूल माझं. राजा म्हणतो, तलवार आणा, मुलाचे दोन तुकडे करा आणि एकेक वाटून घ्या. खोटी आई म्हणते, करा. खरी म्हणते, नको, तिला देऊन टाका, पण जिवंत ठेवा. झाला निकाल. आपल्या जातककथेत हेच भांडण महोसध नावाच्या शहाण्या मुलापुढे येतं. तो जमिनीवर रेघ ओढतो, मूल तिच्यावर ठेवतो आणि दोघींना दोन बाजूंनी ओढायला सांगतो. मूल रडायला लागल्यावर जी हात सोडते ती आई. या दोन कथांची तुलना करून मी लेख पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकाकडे पाठवला.

संपादक डॉ. दिनानाथ खांबेटे यांचं पोस्टकार्ड आलं. पुण्याचे विद्वान पत्र लिहीत नाहीत, पोस्टकार्ड लिहितात, आणि त्यातलीही अर्धी जागा कोरी सोडतात. 'लेख बरा आहे. सोबतच्या शैलीपत्रकानुसार सिद्ध करून पाठवावा.' पोस्टकार्डासोबत दुसरं काही येऊ शकत नाही, हे डॉ. खांबेट्यांना कोणीतरी सांगितलं असावं. शैलीपत्रक नंतर वेगळ्या पाकिटातून आलं आणि ते माझ्या लेखापेक्षा जाड होतं.

मी आयुष्य स्टोअर्समध्ये काढलेला माणूस. कुठला डबा कुठल्या फळीवर, हे कार्डावर लिहून ठेवण्याची मला सवय. तरी त्या शैलीपत्रकाने मला घाम फोडला. बायबलचा संदर्भ देताना पानाचा आकडा द्यायचा नाही. आधी पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग दोन टिंबं, मग वचन. जातकाला उलट क्रमांक, खंड, पान, सगळं हवं. तोच ग्रंथ लागोपाठ आला की पुन्हा नाव लिहायचं नाही, 'तत्रैव' लिहायचं. ज्या व्यक्तीचा उल्लेख येईल तिची ओळख आधारासकट द्यायची. म्हणून मी शलमोनची आई बथशेबा आणि महोसधाची आई सुमनादेवी या दोघींनाही शोधून टिपेत बसवलं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, माणूस हयात असो वा नसो, त्याच्या नावामागे श्री., सौ., डॉ., कै. यांपैकी काहीही लावायचं नाही. ज्या प्राध्यापकांसमोर मी खुर्चीत टेकलो नसतो, त्यांना आता नुसत्या आडनावाने हाक मारायची होती.

घरात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या झाल्या. मीनलला माझा शर्ट धुताना खिशात एक सापडली : '१ राजे ३:१६–२८'. बदलापूरच्या माणसाला आकड्यांच्या मधे दोन टिंबं दिसली की गाडीची वेळच आठवते.

"हे राजे कोण?" तिने विचारलं. "आणि यांना तीन सोळाला कुठे भेटायचंय?"

मी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शर्ट पुन्हा बादलीत टाकला.

वरच्या मजल्यावर अण्णा देवस्थळी राहत. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. इमारतीत कोणाचंही काही अडलं की अण्णा खाली उतरत आणि ते आणखी अडवून वर जात. माझी चिठ्ठ्यांची रास पाहून ते खुर्चीत बसले.

"संदर्भ म्हणजे काय ते मला शिकवू नका, भालेराव. आयुष्यभर संदर्भच लिहिले. 'संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक.' तुमच्या या शलमोनच्या निकालाला जावक क्रमांक काय?"

"नाही हो, अण्णा. राजा होता तो."

"तोंडी निकाल दिला?"

"तोंडीच."

"मग तो ग्राह्य नाही," अण्णा म्हणाले आणि चहा मागवला.

खरी गंमत पुढे आहे. एका संध्याकाळी मी लेख घरात मोठ्याने वाचत होतो. समोर आई तांदूळ निवडत बसली होती. आईचं नाव गयाबाई. तिने शलमोनचा निकाल ऐकला आणि सूप खाली ठेवलं.

"लेकरू कापायला तलवार मागवली? राजा व्हता का खाटीक?"

"आई, ती युक्ती होती."

"आन् दुसरा ओढायला लावतो. पोराचा खांदा निखळला म्हंजी? दोघंबी बाप्येच ना, त्यांना काय समजणार. त्यापरीस आपल्याकडची गोष्ट बरी."

आपल्याकडची गोष्ट अशी : दोन बाया भांडत भांडत भाताच्या खाचरात लावणी करणाऱ्या एका म्हातारीकडे जातात. म्हातारी म्हणते, आज रात्री पोर माझ्यापाशी राहू दे, तुम्ही दोघी घरी जा, सकाळी या. सकाळी एक येते ती न्हाऊन, वेणी घालून. दुसरीचे डोळे लाल, अंगावर कालचंच लुगडं. ती घरी गेलेलीच नसते, म्हातारीच्या दाराबाहेर बसून राहिलेली असते. म्हातारी काही न विचारता पोर तिच्या ओटीत घालते.

मी हातातला लेख खाली ठेवला. तलवार नाही, रेघ नाही, राजा नाही. हा तिसरा पाठ होता आणि तो माझ्या घरात तांदूळ निवडत बसला होता. लहानपणी मी तो ऐकलेला होता, एम. ए.च्या भानगडीत विसरलो होतो. मी लगेच पुण्याला कळवलं. पोस्टकार्ड आलं : 'तिसरा पाठ महत्त्वाचा. लेख आता चांगला आहे. निवेदकाचे नाव तळटिपेत द्यावे.' बऱ्यावरून चांगल्यावर. एवढं अंतर कापायला पुण्यातल्या लेखकांचीसुद्धा हयात जाते.

मी तळटीप लिहिली : 'निवेदक : गयाबाई भालेराव, बेलवली.' आईला वाचून दाखवली. तिचं नाव रेशनकार्डावर 'गवाबाई' होतं आणि मतदारयादीत बरोबर होतं, पण पुढे 'पुरुष' लिहिलेलं होतं.

"नीट छापतील ना?" तिने विचारलं.

"पुण्याची माणसं आहेत. चुकणार नाहीत."

दुसऱ्या दिवसापर्यंत कोळीण, पोस्टमन आणि विहारात येणाऱ्या सगळ्या बायका यांना ती तळटीप ठाऊक झाली होती. मला फार बरं वाटलं. अण्णांनी मात्र हरकत घेतली. स्वतःच्या आईला नुसतं 'गयाबाई भालेराव' म्हणजे शाळेची हजेरी झाली, गंगा-भागीरथी तरी लावा, असं त्यांचं म्हणणं.

"गंगा न् भागीरथी कशाला?" आई म्हणाली. "आपल्याला उल्हास नदी बास हाय."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण शैलीपत्रकात तळटिपा बारीक टाइपात हव्या होत्या आणि टाइपरायटरला एकच टाइप असतो. म्हणून मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, हासानंदच्या छापखान्यात गेलो. हासानंद लग्नपत्रिका, बिलबुकं आणि लोणच्याची लेबलं छापायचा. त्याच्या छापखान्याच्या मागच्याच खोलीत माझी चुलती, चांगुणाकाकी, राहायची. तिच्या धाकट्या मुलीचं, वेणूचं, लग्न ठरलं होतं आणि त्याच्या पत्रिकाही हासानंदकडेच होत्या. त्याच्या हाताखाली खिळे जुळवणारा एक कंपोझिटर होता, त्याला मराठी अक्षरं ओळखू यायची, वाचता यायची नाहीत.

"साईं, नाव बारीक टाइपमधे?" हासानंद म्हणाला. "शादीत बारीक टाइपमधे नाव आला ना, लोक खाना नाय खात. उठून जातात."

पहिलं प्रूफ आलं. त्यात 'कै. शलमोन', 'सौ. बथशेबा' आणि 'चि. महोसध' होते.

"हे कै. कशाला?"

"मर गया ना वो?"

"मेला."

"कितना साल हुआ?"

"तीन हजार झाले असतील."

"मग तर पक्का कैलासवासी," हासानंद म्हणाला. मी त्याला शैलीपत्रकाचा नियम दाखवला. तो मनातून दुखावला. "तुम्ही शिकलेला लोक, पण कोणाला मान नाय देत," असं म्हणत त्याने सगळ्यांचे मान काढून घेतले.

प्रूफ तपासताना त्याला गयाबाईचं नाव दिसलं. माणूस चांगला, पण पोटात काही राहत नाही. त्याने मागच्या खोलीत जाऊन काकीला सगळा लेख वाचून दाखवला, शलमोनपासून तळटिपेपर्यंत.

रविवारी काकी बेलवलीला हजर. उंबऱ्यावरच बसली. मीनलने पाणी आणलं.

"पाणी नको. ज्यांची नावं छापतात त्यांच्या घरचं पाणी आमाला झेपायचं नाय." मग माझ्याकडे वळून, "भगवान, ही गोष्ट तुला कोणी सांगितली?"

"आईने."

"कवा?"

"गेल्या महिन्यात."

"आन् ल्हानपणी? तुझ्या आईला टायफॉइड झालेला तवा तू कुणाच्या कुशीत निजायचास? झोप येत नाय म्हणून रडायचास तवा कोण सांगायचं?"

"कुशीत तुझ्या निजला आसंल," आई आतून म्हणाली, "पर गोष्ट माझी."

"मी सांगितलेली हाय, आक्का."

"मी त्याच्या आधी सांगितलेली हाय."

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मला खरंच आठवत नव्हतं. लहानपणीच्या गोष्टींना तारीख आणि पान नसतं. काकी उठली आणि पदर खोचून म्हणाली, "टिपेत मी नाय, तर पत्रिकेत आक्का नाय."

हे मात्र गंभीर होतं. आमच्याकडे पत्रिकेतल्या नावांचा क्रम म्हणजे घराण्याची घटना. थोरल्या जावेचं नाव निमंत्रकांत पहिलं, हा शिरस्ता. पत्रिकेत नाव नाही म्हटल्यावर आई लग्नाला जाणार नव्हती. आणि वेणू म्हणजे आईचा जीव. काकी कामाला जायची तेव्हा ती पोरगी आईच्या मांडीवर वाढली होती. तिच्या संसारासाठी आई सहा महिने गोधडी शिवत होती. काकी गेल्यावर आईने ती गोधडी घडी करून माळ्यावर टाकायला सांगितली. एका बारीक टाइपातल्या ओळीने एवढं होईल असं कुठल्याही शैलीपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मी पुण्याला विचारलं, दोन्ही नावं दिली तर? पोस्टकार्ड आलं : 'एका पाठास मूळ निवेदक एकच. पंधरवड्यात कळवावे, अन्यथा तिसरा पाठ वगळण्यात येईल.' म्हणजे लेख परत 'बरा' होणार.

सल्ल्यांना तोटा नव्हता. अण्णा म्हणाले, त्रिसदस्य समिती नेमा, अध्यक्ष व्हायला मी तयार आहे. कारखान्यातला वॉचमन म्हणाला, दोघींच्या चिठ्ठ्या टाका. मीनल म्हणाली, "माझं नाव घाला. या भांडणात आतापर्यंतचा सगळा चहा मीच केलाय."

मी मात्र मनातल्या मनात हसत होतो. दोन बाया, एक गोष्ट, दोघीही म्हणतात माझी. अशा प्रसंगी काय करायचं यावर सबंध महाराष्ट्रात लेख लिहिलेला माणूस कोण होता?

पुढच्या रविवारी मी काकीला बोलावून आणलं. दोघींना समोरासमोर बसवलं. मीनलच्या शिवणाची कात्री हातात घेतली, लेखाचं ते पान वर धरलं आणि खर्जात म्हणालो, "दोघींचाही हक्क आहे. तेव्हा मी ही गोष्टच लेखातून कापून टाकतो. कोणाचंच नाव नको."

आणि कोण विरघळतं ते बघत थांबलो.

"कापू नको," आई म्हणाली. "चांगुणाचं नाव घाल, पर गोष्ट ऱ्हाऊ दे."

"आक्काचं घाल," त्याच क्षणी काकी म्हणाली. "माझं नको, पर गोष्ट कापू नको."

कात्री हवेतच राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईच्या नजरेत कीव होती.

"आरं, ह्यो डाव आमाला म्हाईत नाय व्हय? तूच ना वाचून दावलास शलमोनाचा?"

"मला हासानंदनं दावला," काकी म्हणाली.

शलमोनला एक मोठी सोय होती, ती माझ्या तेव्हा ध्यानात आली. त्याच्या पुढच्या बायांनी त्याच्यावरचा लेख वाचलेला नव्हता.

आता भांडण उलटं फिरलं. आधी दोघी 'माझं घाल' म्हणून भांडत होत्या, आता 'तिचं घाल' म्हणून. जी माघार घेते तीच खरी, हे दोघींना पक्कं ठाऊक झालं होतं, त्यामुळे माघार कोणी सोडेना. मोठेपणाचं हे भांडण पहिल्यापेक्षा वाईट होतं, कारण त्यात मधे पडायला जागाच नव्हती.

काकी तडक छापखान्यात गेली. म्हणाली, टिपेत आक्काचंच ठेव आणि पत्रिकेतही तिचंच नाव सगळ्यात वर घाल. दुसऱ्या दिवशी आई, जी कधी एकटी कॅम्प चारला गेली नव्हती, रिक्षा करून तिथे पोचली. म्हणाली, टिपेतलं माझं काढ, चांगुणाचं घाल; आणि पत्रिकेतलंही माझं काढ, मला मोठेपणा नको. हासानंदने वैतागून टिपेतली निवेदकाची ओळच काढून टाकली, दोन्हीचे बारीक टाइपचे ठोकळे सोडवून टेबलावर ठेवले आणि कंपोझिटरला म्हणाला, यातलं जिथलं आहे तिथे बसव आणि एकदाचं छाप. पत्रिकेतली नावं मोठ्या टाइपात मावली नव्हती, त्यामुळे दोन्हीत टाइप बारीक, दोन्हीत नावंच नावं. त्या बिचाऱ्याने बसवले.

पंधरवडा संपत आला होता. मी छापखान्यातून लेखाचं पाकीट उचललं आणि तसंच रजिस्टरने पुण्याला पाठवलं. छापून झालेला मजकूर विद्वानाने पुन्हा वाचायचा नसतो, असं मला तेव्हा वाटायचं. पत्रिका काकीच्या मुलांनी घरोघर वाटून टाकल्या.

पहिली खबर अण्णांनी आणली. पत्रिका हातात घेऊन ते जिना उतरले.

"भालेराव, निमंत्रकांत तुमच्या घरातलं कोणी नाही. पण नावांपुढे आकडे घातलेत, हे उत्तम. जावक क्रमांकाशिवाय काही पाठवू नये."

मी पत्रिका घेतली. वर भगवान बुद्धांचं चित्र, खाली चि. सौ. कां. वेणू आणि वराचं नाव, आणि त्याखाली 'आपले विनीत' म्हणून बारीक टाइपात : 'शलमोन, १ राजे ३:१६–२८. बथशेबा, तत्रैव १:११. महोसध, जातक क्र. ५४६. सुमनादेवी, तत्रैव. तत्रैव. तत्रैव.'

लग्नाची वेळही त्याच ठोकळ्यात होती. ती अर्थातच पुण्याला गेली होती.

मी खुर्चीत बसलो. मीनलने न विचारता चहा ठेवला, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजावं. संध्याकाळी वराचे मामा कल्याणहून भेटायला आले. ते नाराज नव्हते. "तुमच्यात ख्रिश्चन सोयरीक आहे हे आम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले, "पण चांगलंय. हे तत्रैव मात्र लक्षात आले नाहीत. तिघं भाऊ आहेत का?" मी हो म्हणालो. मग ते हळूच म्हणाले, "आणि वेळ अगदी नेमकी दिलीत, हे आवडलं. तीन सोळा ते तीन अठ्ठावीस. बारा मिनिटांत लग्न. फार शिस्तीची माणसं दिसता."

लग्न खरं तर संध्याकाळी सहाला होतं. ते मी मामांना सांगितलं. सगळ्या पाहुण्यांना सांगायचं म्हणजे पुन्हा पत्रिका वाटायच्या, आणि लग्न तर तोंडावर आलेलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी पुण्याचं पोस्टकार्ड आलं. पहिल्यांदाच त्यात जागा कोरी सोडलेली नव्हती. 'टीप ४ मध्ये निर्देशिलेला "समस्त भालेराव परिवार, बदलापूर–उल्हासनगर" हा ग्रंथ आमच्या ग्रंथालयात उपलब्ध नाही. टीप ६ मधील "आहेर आणू नये" या सूचनेची नोंद घेतली आहे. टीप ७ नुसार सायंकाळी ठीक सहा वाजता उपस्थित राहणे प्रकृतीमुळे शक्य नाही. तिसऱ्या पाठाचा मूळ निवेदक कोण, हे अद्याप समजले नाही. ही शेवटची संधी.' मी ते पोस्टकार्ड घडी करून खिशात ठेवलं. कारखान्यात ते कोणाला दाखवलं नाही.

आता एक मौज बघा. एरवी आमच्याकडे सहाचं लग्न म्हणजे माणसं साडेसातला येतात. पण बारा मिनिटांचा हिशेब पाहून सगळे धास्तावले. दुपारी तीन वाजल्यापासून कॅम्प चारच्या हॉलवर माणसांची रांग लागली. आत अजून झाडू मारत होते. खुर्च्या यायच्या होत्या, आचारी कांदा कापत होता, नवरी पार्लरमध्ये होती. आई वेणूसाठी म्हणून आली होती खरी, पण आतल्या खोलीत काकीकडे पाठ करून बसली होती. एवढ्या माणसांना निदान चहा तरी द्यायला हवा होता. शेवटी दोघी उठल्या. एकीने पातेलं धरलं, दुसरीने गाळणं. "साखर कमी हाय," आई म्हणाली. "हाय तेवढी पुरंल," काकी म्हणाली. कात्रीच्या रविवारनंतरचं त्यांचं हे पहिलं बोलणं.

चहा झाल्यावर मी दोघींच्या मधे जाऊन बसलो. फार दमलो होतो. युक्ती वगैरे काही शिल्लक नव्हती. सरळच विचारलं, "मला कोणी सांगितली ते राहू द्या. तुम्हाला ही गोष्ट कोणी सांगितली?"

"आत्याबाईंनी," दोघी एकदम म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे त्यांची सासू, म्हणजे माझी आजी. चिखलोलीला भाताच्या लावणीत दोघी सुनांना दोन बाजूंना घेऊन उभी राहायची आणि हात थांबू नयेत म्हणून गोष्टी सांगायची.

"मग मूळ निवेदक तीच," मी म्हणालो आणि खिशातून पेन काढलं. "नाव काय तिचं?"

आईने काकीकडे पाहिलं. काकीने पातेल्याकडे पाहिलं.

"आत्याबाई," आई म्हणाली.

"ते नातं झालं. नाव?"

"सासूचं नाव कोण घेतं?"

"मामंजी तरी कुठं घ्यायचे," काकी म्हणाली. "'आगं' म्हणायचे."

मी पेन उघडून तसाच बसलो. शलमोनच्या आईचं नाव मला अध्याय-वचनासकट पाठ होतं. महोसधाच्या आईचं नाव मी तीन ग्रंथ चाळून काढलं होतं. आणि जिने मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती त्या माझ्या आजीचं नाव मला माहीत नव्हतं, आणि कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. मला लाज वाटली. त्या लाजेला काही विद्वत्तेचं नाव देता आलं नाही.

कोपऱ्यात चिखलोलीची गोजरबाई बसली होती. आजीच्या बरोबरीची, आता पार वाकलेली. तीन सोळाच्या भीतीने नातवाने तिला सकाळीच आणून सोडलं होतं. ती तोंडातलं पान बाजूला करून म्हणाली, "कौसा."

"काय?"

"कौसा तिचं नाव. माझ्यासंगं चिखलात उभी ऱ्हायची. आपल्या आजीचं नाव तुला ठावं नाय, तर मंग शाळंत काय शिकलास?"

"तिला ही गोष्ट कोणी सांगितली, आजी?"

"कोण सांगणार? तिनंच रचली आसंल. लय रचून सांगायची ती," गोजरबाई म्हणाली आणि परत पान चघळू लागली.

मी ते नाव खिशातल्या पोस्टकार्डावर पत्त्याच्या कडेला लिहून घेतलं. वेणूचं लग्न सहाला सुरू झालं आणि रीतसर वेळ घेऊन झालं. तिघं तत्रैव बंधू का आले नाहीत, याची मामांनी जाताना चौकशी केली. आईने गोधडी सकाळीच माळ्यावरून काढून आणली होती, ती काकीनेच वेणूच्या सामानात बांधली.

दुरुस्त टिपा पुण्याला गेल्या आणि अंक पावसाळ्याच्या आधी आला. मी रविवारी काकीला बोलावून घेतलं. ती आत आली, तिने पाणी घेतलं आणि आईच्या शेजारी बसली. दोघींना लेखात रस नव्हता, नावं वाच म्हणाल्या. मी शेवटचं पान उघडलं. शैलीपत्रकाप्रमाणे संदर्भसूची अकारविल्हे लावायची होती, आणि तोंडी सांगणाऱ्याची नोंद आडनावाने नव्हे, स्वतःच्या नावाने करायची होती. अपासून कौपर्यंत माझ्याकडे कोणी विद्वान नव्हता. त्यामुळे सगळ्यात वर, जर्मन, इंग्रज आणि पुणेकर पंडितांच्या डोक्यावर, पहिली नोंद तिची होती. खाली बारीक टाइपात दोन्ही सुनांची नावं होती.

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली.

"कौसाबाई, चिखलोली," मी वाचलं.

दोघींचे हात एकदमच वर गेले आणि दोघींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"बघितलंस चांगुणा," आई म्हणाली. "हितंबी म्होरंच जाऊन बसल्या."

काकीने दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हळू, आक्का. ऐकतील."